शेळीला हार, मला टॉवेल-टोपी

"आजोबा, जरा खाली बसा. शेळी दिसंना."

फोटोवाल्यानं असं म्हणलं आन् म्या बसलो. शाळेच्या मैदानात, मांडवाखाली, सगळ्या गावादेखत बसलो. शेळी टेबलावर उभी. गळ्यात झेंडूचा हार. तिच्या एका अंगाला पाटील, डोक्याला गुलाबी फेटा. दुसऱ्या अंगाला पाटलाची नात, खांद्यावर शाल, हातात नारळ. आन् टेबलाच्या पायापाशी म्या, उकिडवा, हातात दावं धरून. दावं सोडलं तर शेळी उडी मारंल, म्हणून मला तिथं ठिवलेलं. न्हायतर माझं तिथं काय काम.

तो फोटो गावातल्या समद्या मोबाइलवर गेला. त्यात माझा पटका दिसतो. तोंड दिसत न्हाय.

शेळी माझी हाय. तिची आई माझी. तिच्या आईची आई करडू असताना पावसाळ्यात आजारी पडली तवा माझ्या बायकोनं तिला चुलीपाशी घेऊन, बाटलीनं दूध पाजून जगवली. काळीभोर, लांब कानाची, खऱ्या उस्मानाबादी रगताची. आमच्यात शेळीच्या गळ्यात हार पडतो तो देवीला निघाल्यावर. हार पडला म्हणजे सुरी आली. ती बिचारी त्या हारानं थरथरायली होती.

पण मला तिची कीव आली न्हाय. मला हेवा वाटला. शेळीचा. सत्तरी पार केलेला माणूस, नातवंडांचा धनी, आन् शेळीच्या गळ्यातल्या झेंडूकडं बघून आतून करपला. हे लिहायला लाज वाटती. पण लिहितोय. माझी नात म्हणली, आबा, तुमी सांगा, मी लिहिते. म्या म्हणलं, न्हाय. अक्षर वाकडं असंल, पण माझं असंल.

हेवा माझ्यासंगं लहानाचा मोठा झाला. बेंबळीच्या अलीकडं आमचं गाव. पाटील आन् म्या एका वयाचे. व्यंकटराव त्याचं नाव. तिसरीपातूर एका शाळंत होतो. तो पुढं पाटावर, म्या मागं भिंतीला. एकदा मास्तरांनी त्याला पाढा विचारला. त्याला येईना. मला येत होता. म्या हात वर केला. मास्तरांनी माझ्याकडं बघितलं आन् म्हणले, "तू मेंढरं मोज."

सगळी पोरं हसली. पाटील बी हसला. ज्याला पाढा येत न्हवता तो हसला, आन् ज्याला येत होता त्यानं हात खाली घेतला.

घरी जाऊन बापाला सांगितलं, म्या शाळंत जात न्हाय. बाप खूश झाला. त्याला मेंढरामागं माणूस पाहिजेच होता.

मंग सगळा जलम त्याच्याकडं बघण्यात गेला. त्याच्या विहिरीला पाणी लागलं, मला हेवा. त्याचं पोरगं पुण्याला साहेब झालं, मला हेवा. म्हातारपणी त्यानं तोंडात नवे दात बसवून घेतले, कणीस खायला लागला, त्याचा बी हेवा. माझ्या बायकोला माझं हे दुखणं ठावं होतं. ती म्हणायची, "त्याच्या ताटात बघून तुमचं पोट भरणार हाय का?" भरत न्हवतं. पण मान वळत बी न्हवती.

हेवा वाईट, असं कीर्तनात सांगतात. ज्याच्याजवळ सगळं हाय त्यानं तसं खुशाल म्हणावं.

आता शेळीचं सांगतो. आमचा धंदा असा. रानातली ज्वारी निघाली की शिवार मोकळं होतं. मंग शेतकरी आमचा कळप त्याच्या रानात बसवून घेतो. जाळी लावायची, रातच्याला शेळ्या-मेंढरं आत बसवायची. लेंडी-मूत मातीत जिरतं, फुकट खत होतं. बदल्यात आमाला धान्य मिळतं. आज ह्याच्या रानात, चार दिसांनी त्याच्या. पाटलाचं रान मोठं, तिथं उन्हाळाभर. कळप आमचा, रान त्याचं. हे इथं शेंबड्या पोराला बी ठावं असतं.

पाटलाच्या नातीला न्हवतं. ऋतुजा तिचं नाव. पुण्यात वाढली. दर उन्हाळ्यात आजोळाला यावं तशी आजाकडं यायची आन् दर उन्हाळ्यात आजाच्या रानात कळप बसलेला बघायची. तिला वाटलं, कळप आजाचाच. म्या तिला राखण्या वाटलो असंन. तिला कुणी सांगितलंच न्हाय. पाटील सांगू शकला असता.

औंदाच्या उन्हाळ्यात ती आली ती मोटार घेऊन, बर्फाचा डबा घेऊन, संगं हातमोजे घातलेला एक डॉक्टर घेऊन. पुण्याच्या कुठल्याशा मोठ्या प्रयोगशाळेत ती शिकती आन् शोध बी लावती. तिला शेळ्यांचं रगत पाहिजे होतं. शेळ्यांच्या मरीची लस टोचायच्या आधी एकदा, आन् टोचल्यावर काही दिवसांनी दुसऱ्यांदा. त्याच शेळ्यांचं. म्हणून कानात पिवळे बिल्ले मारले.

मला कुणी विचारलं न्हाय. पाटील बांधावर उभा राहून म्हणला, आपल्या ऋतुजाला रगत पाहिजे, धर जरा. म्या धरल्या. एकेकीची मान वर करून धरली, डॉक्टरनं मानंची शीर बघून सुई घातली, रगत काढलं आन् मंग लस टोचली. म्या का विचारलं न्हाय? कळप त्याच्या रानात बसलेला. त्याच्या विहिरीचं पाणी कळपाला. सवय अशी की त्यानं म्हणायचं, आमी धरायचं.

त्या दिवशी माझी नात कोमल भाकरी घेऊन आली होती. धाराशिवच्या कॉलेजात शिकती, शेवटच्या वर्षाला. सकाळच्या एसटीनं जाती, दुपारी येती. त्या दिवशी सुट्टी होती. तिनं भाकरीचं फडकं झाडाला अडकवलं आन् सरळ ऋतुजापाशी जाऊन उकिडवी बसली. विचारलं, ताई, तुम्ही रक्तात काय बघता?

ऋतुजा सांगायला लागली. चांगलं सांगत होती, खोटं कशाला बोलू. म्या पाठ करून उभा होतो, पण कान तिकडंच. ती म्हणली, रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्या शरीराच्या राखणदार. त्यांच्या सालीवर बारीक बारीक प्रथिनं रोवलेली असतात. बोटं काढावीत तशी. बोट बाहेर, बुडखा आत. रोगाचा नेमका तुकडा त्या बोटाला बसला की आतला बुडखा हलतो. तो आतल्या दुसऱ्याला हलवतो, दुसरा तिसऱ्याला. हलवत हलवत गाभ्यापर्यंत जातं, आन् पेशी जागी होऊन लढायला उठते. हे आत कोण कुणाला सांगतं, आधी कोण, मागून कोण, तेच म्हणं ती बघत होती. तिच्या बोटाच्या नखाएवढ्या जागेत अशा किती पेशी मावतील ते बी तिनं सांगितलं. ते म्या विसरलो.

मला राहवलं न्हाय. म्या मागं वळून विचारलं, म्हणजे रोग आत शिरतो?

ती म्हणली, "नाही आजोबा. तो बाहेरच राहतो. आत जाते ती फक्त खबर."

म्या पुन्हा शेळीची मान धरली. पण ते वाक्य काही मला सोडंना. बाहेरचं बाहेर राहतं. आत फक्त खबर जाती.

मंग कोमलनं विचारलं. जसं विचारलं तसं लिहितो. "ताई, मग ती बोटं तर सारखीच कशाला ना कशाला लागत असणार. दर वेळी पेशी उठली तर माणूस मरंल की."

ऋतुजा थांबली. हातातली नळी डब्यात ठिवली आन् कोमलकडं नीट बघितलं. पहिल्यांदा बघितल्यागत.

"म्हणूनच एका खुणेनं पेशी उठत नाही," ती म्हणली. "शेजारून दुसरी खूण लागते, की हो, धोका खरा आहे. नुसती पहिलीच मिळत राहिली आणि दुसरी कधी आलीच नाही, तर पेशी बधिर होते. मग कितीही टोचा, हलत नाही."

बधिर.

म्या दोन्ही हातांनी शेळीची शिंगं धरून उभा होतो. त्या दोघींचं माझ्याकडं ध्यान न्हवतं. त्यांची डोकी एकमेकींना लागलेली. एकीच्या हाताला मोजे, एकीच्या हाताला भाकरीचं वाळलेलं पीठ. पाटलाच्या नातीला जे ठावं ते माझ्या नातीला एका घासात कळलं. मंग ती मोटारीतून आन् ही एसटीतून का? तिच्या हातात नळी आन् हिच्या हातात फडकं का? त्या घडीला पाटलाची विहीर, दात, वाडा सगळं मला बारकं वाटलं. ती समदी साधी खाज होती. खरा हेवा मला तिथं कळला, बांधावर, दोन पोरींकडं बघताना.

ऋतुजा म्हणली, कोमल, पुण्याला ये. प्रवेशाची परीक्षा असते, ती दे. तुला जमेल.

कोमलचं तोंड उजळलं. घरात तिच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. तिचा बाप, म्हणजे माझं पोरगं, म्हणत होतं की एवढं शिकली ते बास. म्या त्यात अजून तोंड घातलं न्हवतं.

तेवढ्यात मागनं पाटील हसत आला. "ने की हिला पुण्याला," तो म्हणला. "शेळ्या धरायला माणूस लागतंयच तुला."

डॉक्टर हसला. मोटारीचा डायव्हर हसला. ऋतुजा त्याला म्हणली, काय हो आजोबा, पण ती बी जरा हसलीच. आन् कोमल हसली. सगळे हसले तर आपण हसावं, तसं. तिनं फडकं काढलं, घडी घातली आन् गावाकडं निघाली.

मान धर म्हणले, म्या पुढच्या शेळीची मान धरली.

काही दिवसांनी कार्यक्रम ठरला. गावची लेक मोठी शास्त्रज्ञ झाली, परदेशात बोलायला चालली, तिचा सत्कार. आन् संगं गावच्या शेळीचा बी गौरव. ही कल्पना सरपंचाची. लोकांना मजा वाटली. म्या शेळीला धुतलं, शिंगांना तेल लावलं, बायकोनं पेटीत घडी घालून ठिवलेला पटका काढून बांधला. मला वाटलं होतं, माझं बी नाव घेतील. आता लपवून काय करू. आरशात बघून गेलो होतो.

माईकवर शाळंतला एक गुरुजी होता. तो वाचायला लागला. आपल्या गावचे भूषण व्यंकटराव पाटील यांच्या कळपातील शेळ्यांच्या रक्तावर हे संशोधन चालू आहे.

मला वाटलं, आता पाटील हात वर करंल. म्हणंल, थांबा गुरुजी, कळप माझा न्हाय. एवढंच तर म्हणायचं होतं. पाटलानं माझ्याकडं बघितलं. नीट बघितलं, डोळ्याला डोळा लागला. मंग त्यानं फेट्याचा शेमला सारखा केला आन् फोटोवाल्याकडं बघितलं.

तवाच फोटोवाला म्हणला, खाली बसा.

मंग मला उठवलं. गुरुजी म्हणला, आणि कळपाची राखण करणारे आपले आजोबा यांचाही सत्कार करू या. नाव न्हाय. आजोबा. आमच्या भागात सत्काराचा बी दर्जा असतो. मानाच्या माणसाला शाल आन् नारळ. ज्याला वाटंला लावायचं त्याला टॉवेल-टोपी. मला टॉवेल-टोपी आली. पाटलाच्याच हातनं. टॉवेल त्यानं खांद्यावर टाकला, आन् टोपी डोक्यावर ठिवायला गेला तर डोक्यावर पटका. त्याला वाटलं असंल, पटका काढावा कशाला. त्यानं टोपी पटक्यावरच ठिवली.

चिमणीनं घरट्यावर बसावं तशी ती टोपी माझ्या पटक्यावर बसली.

मांडव हसला. बायका हसल्या, म्हातारे हसले, माझ्या भावकीतले हसले. मंग गुरुजी म्हणला, जोरदार टाळ्या. टाळ्या सुरू झाल्या. म्या समोर बघितलं. कॉलेजच्या पोरी डाव्या अंगाला बसल्या होत्या. त्यांच्यात कोमल. ती बी टाळ्या वाजवायली होती. मन लावून वाजवायली होती.

मास्तरनं टोचलं तवा म्या उठलो न्हाय. बांधावर पाटलानं टोचलं तवा उठलो न्हाय. जल्मभर पहिली खूणच मिळत गेली आन् म्या बधिर होत गेलो. पण त्या टाळ्यांत माझ्या नातीचे हात दिसले आन् आत काहीतरी हललं. त्यानं दुसऱ्याला हलवलं. ते वर वर येत तोंडापातूर आलं.

"ही शेळी माझी हाय," म्या म्हणलं.

माईक माझ्याजवळ न्हवता. पण आमी रानात आवाज देणारी माणसं. मैदानाच्या पार टोकाला ऐकू गेलं. टाळ्या फुटक्या फुटक्या झाल्या आन् थांबल्या.

पाटील हसला. नव्या दातांनी. माझ्या खांद्यावर हात ठिवला आन् सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणला, "अरे, तुझी काय आन् माझी काय. एकच की."

"मंग तुझी जमीन माझी म्हण," म्या म्हणलं. "ह्या माईकवर म्हण."

आजवर म्या त्याला तुमी म्हणत आलो. एका वयाचे असून. शाळंतलं तू तिथंच राहिलं होतं, पाटीवर. त्या दिवशी ते तोंडातनं आपसूक बाहेर पडलं.

कुणी हसलं न्हाय. पाटलाचा हात माझ्या खांद्यावरनं निघाला. सरपंच पुढं आला, म्हणला, बसा आजोबा, कार्यक्रमात असं करू नये. म्या टोपी काढली, टॉवेल काढला, टेबलावर पाटलाम्होरं ठिवला. शेळीला उतरवली. हार काढला न्हाय. हार तिचा होता. रगत तिनं दिलं होतं. तिला घेऊन म्या मैदानातनं चालत निघालो. वाटंनं तिनं मान वाकडी करून करून सगळे झेंडू खाऊन टाकले. घरी पोचेस्तवर गळ्यात दोरा राहिला.

कोमल माझ्यामागं आली न्हाय. कार्यक्रम संपेपातूर तिथंच बसली.

त्याच दिवशी म्या पाटलाच्या रानातली जाळी उपटली. पोरगं कुरकुरलं. म्हणलं, आबा, एवढ्या उन्हात कळप कुठं न्यायचा, पाणी कुठं पाजायचं. म्या म्हणलं, चल. बेंबळीच्या रस्त्याला एका बारक्या शेतकऱ्याचं रान होतं, तिथं बसवला. पाणी लांब पडलं. शेळ्यांनी मला शिव्या दिल्या असतील. दिल्या तर दिल्या.

संध्याकाळी कोमल आली ती चुलीपाशी बसली. म्या विचारलं, टाळ्या का वाजवल्यास? मला वाटलं, रडंल. ती म्हणली, "मी शास्त्रासाठी वाजवल्या, आबा. तिनं जे शोधलंय त्यासाठी. पाटलासाठी न्हाय, तुमच्या टोपीसाठी बी न्हाय."

म्हणजे म्या ज्या खुणेवर उठलो ती खूण तशी न्हवतीच. मंग मनाशी म्हणलं, नसू दे. उठलो ते उठलो. आता बसायचं न्हाय.

ऋतुजा नव्या रानात आली. मोटार रस्त्याला लावून, डॉक्टरला मोटारीतच बसवून, एकटी ढेकळांतनं चालत आली. दुसऱ्या रगताची येळ झाली होती. ते मिळालं न्हाय तर पहिलं रगत वाया, तिचं वर्षाचं काम वाया. तिनं हात जोडले. म्हणली, आजोबा, मला खरंच माहीत नव्हतं कळप तुमचा आहे.

तिला ठावं न्हवतं, हे खरं हाय. पण ठावं नसायला बी तालेवाराच्या घरात जल्म घ्यावा लागतो. आमाला पाटलाच्या प्रत्येक म्हशीचं नाव ठावं हाय.

म्या तिला सांगितलं, रगत देतो. पण ते रगत तुमच्या त्या यंत्राखाली माझी नात बघंल. पुण्याला, तुमच्या शेजारी बसून. शेळ्या धरायला येणार न्हाय ती.

ऋतुजा म्हणली, ते माझ्या हातात नाही. आमचे सर आहेत, नियम आहेत, आधी परीक्षा आहे. म्या म्हणलं, मंग विचारा तुमच्या सरांना, तवर रगत न्हाय. ती म्हणली, तवर उशीर होईल. म्या म्हणलं, होऊ द्या. आमाला लई उशीर झालाय, आमी मेलो का?

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला बरं वाटलं. पाटलाच्या घरातलं कुणीतरी माझ्याम्होरं उभं राहून काहीतरी मागत होतं, आन् म्या न्हाय म्हणत होतो. ती चव म्या आधी कधी घेतली न्हवती. लई गोड होती. असली चव पाटील रोज घेत असंल, ह्याचा बी मला हेवा वाटला.

कोमल जाळीपाशी उभी होती. ती मधी आली.

"आबा, मला शेळीच्या बदल्यात देऊ नका," ती म्हणली. "मी परीक्षा देऊन जाईन. न्हायतर जाणार न्हाय. पण अशी जाणार न्हाय."

मला राग आला. हिच्यासाठी म्या भांडायलोय आन् ही मलाच अडवायली. पण तिच्या तोंडाकडं बघितलं. ते तोंड माझं होतं. हात वर केलेल्या पोराचं. फक्त तिनं हात खाली घेतला न्हवता.

म्या अट बदलली. ऋतुजाला म्हणलं, इथं चार माणसं हायत. त्यांच्याम्होरं सांगा, शेळ्या कुणाच्या. आन् ह्या रगताचं नाव जिथं जिथं निघंल, पुण्यात न्हायतर परदेशात, तिथं माझं नाव निघालं पाहिजे. आन् रगत पाहिजे तर मला विचारून घ्या. पाटलाला न्हाय.

रानाचा मालक, माझं पोरगं, बाजूच्या रानातली दोन माणसं तिथं होती. ऋतुजानं त्यांच्यादेखत माझं नाव घेतलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट. मंग म्हणली, "तुमच्या शेळ्यांचं रक्त घेऊ का?"

म्या घ्या म्हणलं. पण मान धरायला गेलो न्हाय. पोरालाबी बसवलं. म्हणलं, धरतील ते. ऋतुजानं मोटारीतनं डॉक्टरला बोलावलं, आन् दोघांनी धरल्या. शेळ्यांनी त्यांना रानभर पळवलं, लोळवलं. एकीनं डॉक्टरच्या चष्म्यावर पाय दिला. शेजारचा म्हातारा म्हणला, लई शिकून बी ह्यांना शिंगं धरता येत न्हाईत की. सगळे हसले. म्या हसलो न्हाय. शेळ्या धरता येण्याला काय मोल हाय, ते मला साठ वर्सांपासून ठावं हाय. शिंगं मला धरता येतात. नळीतलं रगत त्यांना वाचता येतं. अदलाबदल करतो का म्हणून कुणी विचारलं तर म्या ह्या घडीला शिंगं सोडून देईन.

कोमलनं बी मान धरली न्हाय. ती डब्यापाशी बसून विचारत राहिली. हे लगेच गार का करायचं, ते कशात घालायचं. ऋतुजा दमलेली, मातीनं भरलेली, तरी सांगत राहिली.

मला शांती मिळाली असं कुणाला वाटंल. मिळाली न्हाय. तिनं माझं नाव घेतलं, पण ऐकायला पाटील न्हवता. तो अजून कट्ट्यावर बसून सांगतो की म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, हेव्यानं फिरलंय. अर्धं खरं हाय. डोकं फिरलं न्हाय. हेवा हाय.

आता ठरलेलं सांगतो. कोमलच्या लग्नाची बोलणी म्या बंद केली. पोराला सांगितलं, ह्या घरात म्या हाय तवर तो विषय निघणार न्हाय. कोमल परीक्षा देणार. नापास झाली तर परत देणार. कळपातल्या शेळ्या इकाव्या लागल्या तर इकीन, आधी टेबलावर चढलेली इकीन. माझं पोरगं तोंड वाकडं करतंय. करू दे.

ती आता दिवसभर इंग्रजी पुस्तक उघडून बसती. म्या समोर बसतो. विचारतो, आज पेशीत काय झालं? ती सांगती, मला अर्धं कळतं, अर्धं कळत न्हाय. कधी कधी तिला उत्तर सापडलं की ती एकटीच हसती. ते हसू माझ्या वाटंला कधी आलं न्हाय. तिचा बी मला हेवा वाटतो. वाटू दे. तो तिच्या वाटंत आडवा येणार न्हाय, एवढं म्या बघीन.

गावातली शहाणी माणसं सांगायला येतात, म्हातारपणी हेवा सोडा, देवाचं नाव घ्या. सोडणार न्हाय. बधिर होऊन लई वर्सं काढली. हा हेवा माझा जागेपणा हाय, त्याला म्या रोज चारा घालणार.

मला शाल नको. पाटलाची माफी नको, ती तो मागणार बी न्हाय. मला एकच पाहिजे. ह्या गावात एक दिवस असा यावा की कोमलच्या नावानं माणसं बसलेली असतील आन् पाटील मागं कुठंतरी बसून माझ्याकडं बघंल. त्याच्या नव्या दातांत घास फिरंल, गिळणार न्हाय. माझ्या ताटात बघून त्याचं पोट जळंल. तो दिवस म्या ह्याच डोळ्यांनी बघणार. तवर म्या जागचा हलत न्हाय.